मायक्रोब्लेडिंग, पावडर की कॉम्बो? आधी एक टिश्यू पेपर आणा

(जुना फोटो कॅमेऱ्यापुढे धरून)

ही माझी आजी. भुवयांच्या मधोमध गोंदण दिसतंय? रंग कोणता म्हणाल? हिरवट-निळा. तुमच्याही आजीचं असंच असेल. पण गोंदणारणीने सुईने भरलं होतं ते काजळीचं काळं. काळा रंग त्वचेत खोल गेला की वरून निळसर दिसतो, कारण प्रकाश वरच्या त्वचेतून गाळून येतो.

तर नमस्कार. आजचा विषय भुवयांचा, म्हणजे त्वचेत सुईने रंग भरून त्या रेखीव करून घेण्याचा. तुम्ही कमेंटमध्ये इतक्यांदा विचारलंय की आता टाळता येत नाही: "ताई, मायक्रोब्लेडिंग करू, पावडर करू की कॉम्बो?" माझ्याकडे येणाऱ्या मुली मोबाईलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, अशाच हव्यात. तो फोटो काम संपल्या संपल्या काढलेला असतो. त्या क्षणी सगळ्यांच्याच भुवया देखण्या दिसतात हो. मला बघायचा असतो वर्षानंतरचा फोटो, आणि तो कुणी टाकत नाही.

आधी नावांचा गोंधळ मिटवू.

मायक्रोब्लेडिंगच्या नावात ब्लेड असलं तरी ते एकसंध पातं नसतं. साधारण ७ ते १८ बारीक सुया एका ओळीत बसवलेल्या असतात. त्या पेनासारख्या दांडीला लावायच्या आणि हाताने, केसांच्या दिशेने, एकेक रेघ ओढायची. म्हणजे बारीक चिरा पाडायच्या आणि त्यात रंग भरायचा. 'चिरा' हा शब्द पार्लरमध्ये कुणी उच्चारत नाही, मी उच्चारतेय.

पावडर ब्रो मशीनवर होतं. एकच सुई असते आणि रेघ नसते, ठिपके असतात, हजारो. लांबून बघाल तर पेन्सिल फिरवून बोटाने हलकेच पुसल्यासारखं दिसतं. नाकाकडे फिकट आणि कानाकडे गडद केलं की त्यालाच ऑम्ब्रे म्हणतात. नॅनोमध्ये त्याच मशीनने केसासारख्या रेघा काढायच्या, पण त्याही ठिपक्यांनी, चीर न पाडता. आणि कॉम्बोमध्ये पुढे रेघा, मागे शेडिंग.

आता टिश्यू पेपर. चेहरा साध्या फेसवॉशने धुवा, पुसा, काहीही लावू नका. तासाभराने दोन भुवयांच्या मधे आणि भुवयांवर टिश्यू दाबा. तेलाचा डाग उमटला? मग मायक्रोब्लेडिंगचा विचार सोडून द्या. इतकं स्पष्ट सांगते, कारण मी स्वतः ही चूक केलेली आहे. काम नवीन शिकले होते तेव्हा एका ताईंच्या चांगल्याच तेलकट त्वचेवर सुंदर रेघा काढल्या. त्या खूश, मी खूश. वर्षभराने आल्या तेव्हा रेघा एकमेकींत मिसळून राखाडी पट्टा झाला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पदर पुढे घेतला होता, ते मला दिसलं.

तेलकट, मोठ्या रंध्रांच्या त्वचेत रेघ रेघेसारखी राहत नाही, पसरते. ठिपके पसरले तरी बिघडत नाही, कारण मुळातच ते मऊ सावलीसारखे असतात. त्यात आपल्याकडची हवा. मुंबई, कोकण, गोव्यात बारा महिने घाम. कोरडी किंवा मध्यम त्वचा असेल, स्वतःचे केस बऱ्यापैकी असतील आणि नुसत्या मधल्या फटी भरायच्या असतील, तर मायक्रोब्लेडिंग छान दिसतं. साधारण १ ते दीड वर्ष टिकतं. पावडर २ ते ३ वर्षं.

भुवयांना केसच नसतील तर नुसत्या रेघा चितारल्यासारख्या वाटतात, तिथे कॉम्बो बघा. साठीच्या पुढची पातळ त्वचा असेल तर ब्लेड नकोच, मशीन हलक्या हाताने. आणि आधीचं जुनं काम अजून दिसत असेल तर त्यावर रेघा उठत नाहीत. एक तर शेडिंग, नाहीतर आधी काढून टाकणं. "ताई, चुकलंय तिथे स्किन कलर भरून झाकून देतो" असं कुणी म्हणालं तर उठून घरी या. त्या फिक्या रंगात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य असतं. पुढे लेझरने काढायची वेळ आली तर तेच काळपट पडू शकतं.

रंगाचं सांगायचं राहिलं. पिगमेंट ढोबळमानाने दोन प्रकारचं. आयर्न ऑक्साइडचं, म्हणजे लोखंडाच्या गंजासारखं, आणि कार्बनचं, म्हणजे काजळीसारखं काळं. आयर्न ऑक्साइडच्या तपकिरीतला काळा भाग आधी विरतो, लाल मागे राहतो, म्हणून कुणाच्या भुवया विटकरी दिसतात. कार्बन जास्त टिकतो, पण फिका होताना राखाडीकडे झुकतो, आणि खोल गेला तर आजीचं गोंदण! त्यामुळे 'कोणतं पिगमेंट वापरता' इतकंच नाही, 'किती खोल जाता' हेही विचारा. अगदी वर राहिलं तर त्वचेच्या खपलीबरोबर निघून जातं, खोल गेलं तर निळं पडतं. त्या दोन्हींमधली जागा मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. पैसे त्या हाताचे मोजायचे.

बाटली बघायला मागा. युरोपियन युनियनने जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि परमनंट मेकअपच्या रंगांतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्यात. ते नियम पाळणारं पिगमेंट आहे का, विचारायला काय हरकत आहे? सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघायला हवी आणि काम झाल्यावर तुमच्यासमोर टाकली जायला हवी. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, सगळं रक्तातून जातं. इथे लाजायचं नाही.

नवऱ्या मुलींनो, आता तुमच्यासाठी. पहिले २-३ दिवस भुवया इतक्या गडद दिसतील की आई ओरडेल. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खपल्या. त्या पडल्या की वाटतं, रंग गेलाच! मला रात्री अकराला रडवेले व्हॉइस मेसेज येतात ते याच काळात. थांबा. खरा रंग ४ ते ६ आठवड्यांनी वर येतो. मग ६ ते ८ आठवड्यांनी टच-अप, म्हणजे फिकं राहिलेलं पुन्हा रंगवणं, ती जखम भरून यायला पुन्हा महिना. हिशोब करा: लग्नाआधी ३ महिने. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर श्रावणात या, दिवाळीला नको. कारण हळदीला घरातली पोरं काय करतात ठाऊक आहे ना? खपलीवर हळद चोळली की खपली निघते आणि खपलीबरोबर रंगही. डोक्याला चपचपीत तेल लावायची सवय असेल तर तेही त्या दिवसांत बंद, ते ओघळतं.

काही जणींना मी नाही म्हणते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या. कान टोचलेल्या जागी ज्यांना फुगीर गाठ येते त्या, कारण ती केलॉइडची खूण असू शकते. कोड किंवा सोरायसिस असेल तर जखमेच्या जागी नवा डाग उठू शकतो, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर बंद झाल्यावर ६ महिने तरी थांबा. रक्त पातळ करणारी गोळी माझ्यासाठी स्वतःहून बंद करून येऊ नका, प्लीज, एक जण आली होती. केमोथेरपी सुरू होण्याआधी करायचं असेल तर तुमच्या ऑन्कोलॉजिस्टच्या, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांच्या, होकाराशिवाय मी सुई हातात घेत नाही. शुगर वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात.

आणि हो, रक्तदान करत असाल तर यानंतर १२ महिने करता येत नाही. एमआरआय काढायची वेळ आली तर तिथल्या टेक्निशियनला सांगा. आयर्न ऑक्साइडमुळे क्वचित त्या जागी चुरचुरतं.

"दुखतं का?" सुन्न करणारी क्रीम असते, तरी थ्रेडिंग सहन होत नाही त्यांना जाणवेल.

"तुम्ही स्वतः काय केलंय?" हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली येतो. (कॅमेऱ्याजवळ जाऊन, केस मागे करून) पावडर. माझा टिश्यू तर पारदर्शक होतो. ही डावी बघा, उजवीपेक्षा फिकी पडलीये. मी डाव्या कुशीवर झोपते, जखम भरून येत असताना उशीला घासली गेली. पुढच्या महिन्यात टच-अपला जाणार आहे, माझ्या मैत्रिणीकडे. स्वतःच्या भुवया स्वतः करता येत नाहीत ना.