आधी सांगा, किती अंगाला लावता?

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात खाली आलात, म्हणजे हा त्रास घराघरात आहे. असणारच, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे धड वाळत नाहीत, त्यात सकाळची लोकल, घाम, टाइट जीन्स, आणि मग जांघेत नाहीतर कंबरेला गोल चट्टा उठतो. गजकर्ण, म्हणजे कातडीवरची बुरशी. मेडिकलमध्ये जाऊन सांगायचं, खाजेची ट्यूब द्या, आणि तो देतो.

पेशंट आला की मी कुठली ट्यूब हे नंतर विचारते, आधी विचारते किती अंगाला लावली आणि एक ट्यूब किती दिवस पुरते. मागे घोडबंदर रोडचा एक मुलगा आला होता, पंचविशीतला, चट्टा एक होता तेव्हा सुरू केलेली ट्यूब, आता मांड्या, पोट, पाठ सगळीकडे लावत होता, 15 ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपायची आणि हे चार महिने चाललेलं. ट्यूबमध्ये क्लोबेटासोल होतं, म्हणजे सूज-खाज दाबणाऱ्या स्टेरॉइड औषधांपैकी सगळ्यात कडक असतात त्यातलं एक. त्याने खाज आणि लाली लगेच बसते म्हणून माणसाला वाटतं बरं झालं, पण बुरशी मरत नाही, उलट ती मोकाट पसरते. त्याच्या मांडीवर जांभळट भेगा पडल्या होत्या, गरोदरपणात पोटावर पडतात ना तशा, आणि त्या आता जन्मभर राहणार.

कातडी म्हणजे भिंत नाही हो. ती औषध आत घेते, आणि प्रत्येक जागी वेगवेगळं घेते. 1967 साली हायड्रोकॉर्टिसोन नावाचं स्टेरॉइड लावून हे मोजलं गेलंय, हाताच्या कोपर ते मनगट भागाच्या मानाने कपाळ साधारण 6 पट औषध आत ओढतं आणि अंडकोषाची कातडी 42 पट. आणि आपण ट्यूब लावतो कुठे, तर नेमकी जांघेत! वरून घट्ट कपडा, म्हणजे अजून जास्त.

हिशोब सोपा आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढा, ते साधारण अर्धा ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या हाताच्या, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला तेवढं पुरतं. क्लोबेटासोलची मर्यादा मोठ्या माणसाला आठवड्याला 50 ग्रॅम आणि तीही सलग दोनच आठवडे. आमचा तो मुलगा त्या मापाच्या थोडा वरच होता बघा, आणि तेही दोन आठवड्यांऐवजी चार महिने.

आता बाळाचं सांगते, हे ऐकाच. पाच-सहा महिन्यांचं बाळ, सर्दीसाठी आणलेलं. गाल गुबगुबीत, आजी कौतुकाने म्हणाली, बाळसं धरलंय छान. मला चेहरा बरोबर वाटेना, फार गोल, हातपाय मात्र बारीक. विचारत विचारत कळलं की डायपरच्या रॅशला घरातली मोठ्या माणसाची ट्यूब दिवसातून तीन-चार वेळा, दोन महिने लावत होते, वरून डायपर बांधून. ते बाळसं नव्हतं, ती सूज स्टेरॉइडची होती. एवढ्या बाळाच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी आपल्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे थोडीशी जागासुद्धा त्याला मोठी. बाहेरून एवढं स्टेरॉइड आलं की किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं बंद करतात, आणि मग ट्यूब एका दिवसात थांबवली तर उलट्या, बीपी उतरणं, साखर उतरणं, जिवावर बेतू शकतं. म्हणून हे ऐकून घरी जाऊन ट्यूब फेकू नका, कित्येक दिवस भरपूर लावत असाल तर आधी दाखवा. त्या बाळाची ट्यूब आम्ही मुलांच्या डॉक्टरांबरोबर हळूहळू सोडवली, काही महिन्यांनी चेहरा पूर्ववत झाला. आजी खूप रडल्या, चूक त्यांची नव्हती, ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळाली होती. 2018 साली सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठी हवीच, तरी मिळतात.

आणि हो, बाळाच्या छातीला कापराचं तेल चोळू नका, कापूर कातडीतून जातो आणि तान्ह्यांना झटके येऊ शकतात.

फक्त स्टेरॉइडचंच नाही. लेझरने केस काढण्याआधी बधिर करायचं क्रीम दोन्ही पायांना फासून वर प्लास्टिक गुंडाळतात ना, अमेरिकेत असं करून दोन तरुणी गेल्या, 2007 मध्ये तिथल्या एफडीएने इशारा दिला होता. त्यामुळे वाशी-नेरूळच्या कुठल्याही पार्लरमध्ये कोणी घरूनच लावून या म्हटलं तर नाही म्हणा.

पण घाबरून उलटीच चूक होते. खरजेचं परमेथ्रिन 5 टक्के लोशन लोक फक्त खाजतं तिथे लावतात आणि म्हणतात गुण नाही. ते मोठ्या माणसाने मानेखाली सगळीकडे लावायचं, बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबीत, रात्री लावून 8 ते 14 तासांनी आंघोळ, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. खाज नसली तरी. बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी विचारा. साधं खोबरेल, व्हॅसलीन मात्र अंगभर खुशाल लावा.

बरं, ज्यांनी घरच्या ट्यूब पिशवीतून आणल्यात त्यांनी इकडे टेबलावर ठेवा, चष्मा असेल तर लावा, छोट्या अक्षरातली नावं आपण एकेक करून वाचू.