चौकातला पंचशिऱ्या

ठाणे स्टेशनहून सुटलेली येऊरची बस उपवन तलाव मागे टाकते आणि चढाला लागते. वर जंगल, आणि जंगलाच्या कडेला वारल्यांचे पाडे. आज इथे एका घरी लग्न आहे. सुवासिनी भिंतीपाशी बसल्यात, चौक लिहायला. चौक म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

आधी भिंत. शेणानं सारवलेली, त्यावर गेरूचा हात. मग तांदूळ, भिजवून वाटलेले आणि पाण्यात कालवलेले. पातळ झालं तर ओघळतं, घट्ट झालं तर सुकल्यावर पोपडे धरतं. म्हणून आजी सारख्या बोट बुडवून बघतात. बांबूच्या काडीचं टोक दातांनी चावून मऊ केलं की झाला कुंचला. रंग एकच, पांढरा.

हा मोठा चौकोन. चारी बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या भरायलाच सकाळ गेली. मधोमध पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, माणसं. पिकाची, पोराबाळांची ही देवी. लग्नात पहिला मान तिचा.

आता शेजारचा धाकटा चौक बघा. हा देवचौक. त्यात घोडा, घोड्यावर स्वार. आजींची काडी खांद्यापर्यंत येते आणि थांबते. स्वाराला डोकं नाही. मानेतून वर पाच रेघा निघतात, धान्याचे पाच कोंब.

हा पंचशिऱ्या.

कोण हा? वारल्यांकडे पोथी नाही. जे आहे ते या भिंतीवर आणि धवलेरीच्या गाण्यात. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. हो, इथे लग्न बाई लावते, आणि तिचं गाणं हाच मंत्र. पंचशिऱ्याला कुणी नवरानवरीचा राखणदार मानतं, कुणी लढवय्या. आम्हाला तो भाताच्या शेतात भेटतो. कणीस कापलं जातं, त्यातलेच दाणे पुढच्या पावसात रुजतात. डोकं गेलेल्या स्वाराच्या मानेवर कोंब का, हे ज्यानं लावणी केली आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

चौक बायकांचा. पण १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद पोहोचवला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे या वारली पुरुषानं त्या कागदावर वारल्यांचं अख्खं जग उतरवलं. शेतं, मासेमारी, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गंजाड तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा झाला २०१४ साली.

त्यानंतर वारली चित्रं साड्यांवर गेली, कपबशांवर गेली, शहरातल्या भिंतींवर गेली. घरं सिमेंटची झाली, धवलेरींची गाणी शिकणाऱ्या पोरी कमी झाल्या.

पंचशिऱ्या त्या साड्यांवर सहसा दिसत नाही, आणि ते बरंच आहे. तो सजावटीचा नाही, लग्नाचा आहे. आपल्या शहरात भिंती रंगवायचं काम निघेल, तेव्हा नमुने इंटरनेटवरून उचलू नका. येऊरला या. या बायकांना विचारा, कुठलं चित्र रस्त्यावर चालेल आणि कुठलं मांडवाबाहेर काढायचं नाही. काम त्यांनाच द्या, मजुरी पुरती द्या, आणि चित्राखाली त्यांचं नाव लिहा.