करार संपला, तरी सुटका नाही

नमस्कार श्रोतेहो.

नोकरीचा करार संपला की माणूस मोकळा, असं आपण धरून चालतो. युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र 1995 सालापर्यंत तसं नव्हतं.

जाँ-मार्क बोसमन हा बेल्जियमचा फुटबॉलपटू. फार मोठं नाव नव्हे. लिएजच्या क्लबशी असलेला त्याचा करार जून 1990मध्ये संपत होता. बोनस धरून महिन्याला सरासरी 1 लाख 20 हजार फ्रँक मिळायचे. नव्या करारात क्लबने देऊ केले 30 हजार, म्हणजे महासंघाच्या नियमात बसणारी किमान रक्कम. बोसमनने सही केली नाही. फ्रान्समधल्या डंकर्क क्लबशी त्याचं जमलं, आकडेही ठरले. पण घोडं अडलं एका कागदापाशी. खेळाडू परदेशी क्लबकडे जायचा, तर मायदेशाच्या महासंघाने तिकडच्या महासंघाला दाखला पाठवावा लागे. खेळाडू सोडल्याबद्दल जुन्या क्लबला द्यायचे पैसे, म्हणजे ट्रान्सफर फी, डंकर्क चुकती करेल की नाही, अशी लिएजला शंका आली आणि त्यांनी दाखला मागितलाच नाही. वर बोसमनला निलंबित केलं. म्हणजे स्वतः धड पगार द्यायचा नाही आणि दुसरा देत असेल तर तिकडे जाऊही द्यायचं नाही!

हे भांडण पाच वर्षं चाललं. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेला खेळाडू युरोपीय संघाच्या एका सदस्य देशातून दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबकडे जात असेल, तर जुन्या क्लबला ट्रान्सफर फी मागता येणार नाही. या पैशांवर छोटे क्लब जगतात, त्यातूनच नवे खेळाडू घडतात, असं क्लबांचं म्हणणं होतं. न्यायालयाने तो हेतू रास्त मानला, पण त्यासाठी हा मार्ग योग्य नाही असं सांगितलं. गंमत म्हणजे निकालाचा आधार खेळाचा कुठला खास कायदा नव्हताच. गवंडी असो की परिचारिका, कामासाठी सदस्य देशांत कुठेही जाण्याचा जो हक्क त्यांना आहे, तोच फुटबॉलपटूला. या निकालावर पुढच्या पिढीने भरपूर कमावलं. बोसमनच्या पदरात फारसं काही पडलं नाही.

क्रिकेटनेही हा अनुभव घेतला आहे. 1977मध्ये केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन माध्यमसम्राटाने स्वतःची स्पर्धा काढली. तिच्यात खेळणाऱ्यांना कसोटी क्रिकेटची दारं बंद करायची, असं आयसीसीने ठरवलं. इंग्लंडचं मंडळ तर त्यांना कौंटी क्रिकेटमधूनही बाहेर काढायला निघालं होतं. टोनी ग्रेग, जॉन स्नो आणि माइक प्रॉक्टर लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती स्लेड यांनी बंदी बेकायदा ठरवली. कसोटी क्रिकेट जपण्यात मंडळांचं हित आहे हे त्यांना मान्य होतं. पण ज्यांनी आधीच करार केले आहेत, त्यांच्या पोटावर मागाहून नियम करून पाय द्यायचा, हे त्यांना पटलं नाही.

अर्थात दर वेळी खेळाडूच जिंकतो असं नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये कर्ट फ्लडला सेंट लुइस क्लबने 1969मध्ये, 12 हंगामांनंतर, न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तिकडे पगार जास्त होता, तरी तो गेला नाही. 1972मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 असा हरला. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून दिलेली सूट विसंगत आहे, हे न्यायालयाने स्वतःच कबूल केलं आणि दुरुस्तीचं काम संसदेवर ढकललं! खेळाडूंची सुटका झाली ती 1975च्या अखेरीस, एका लवादाच्या निवाड्याने.

खेळ हा चमत्कारिक धंदा आहे. इथे प्रतिस्पर्ध्याला संपवून चालत नाही, कारण मग खेळायचं कोणाशी? म्हणून थोडी बंधनं लागतातच. माझा आक्षेप बंधनांना नाही, ती कोण घालतं याला आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच लीगमध्ये संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते, नव्या खेळाडूला कोणता क्लब घेणार हेही परस्पर ठरतं. पण या अटी खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून ठरतात, म्हणून सहसा कोर्टात टिकतात. महासंघ जेव्हा एकटाच नियम करतो, तोडणाऱ्याला शिक्षाही स्वतःच देतो, तेव्हा न्यायाधीश भुवया उंचावतात.

आता लसाना डियारा या फ्रेंच फुटबॉलपटूचं बघा. 2014मध्ये मॉस्कोच्या लोकोमोटिव्ह क्लबशी त्याचा करार मोडला. फिफाच्या नियमांनुसार त्याच्यावर 1 कोटी 5 लाख युरोंची भरपाई बसली. बेल्जियमचा शार्लरॉय क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण नवा क्लबही त्या भरपाईला जबाबदार धरला जाणार आणि वाद मिटेपर्यंत दाखला अडणार, म्हटल्यावर तो व्यवहार फिसकटला. 4 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपीय न्यायालयाने हे नियम मुक्त संचाराच्या आणि स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवले. त्यानंतर फिफाने तात्पुरते नियम आणले आणि वादापायी दाखला अडवणं बंद केलं. करार मोडल्यावर भरपाई किती, हा कज्जा मात्र अजून चालूच आहे.