हात सुटतो तिथे

[पडदा काळा. ग्राइंडरचा आवाज. मग ठिणग्या.]

मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, बडोदा. सकाळचे साडेनऊ.

पत्र्याच्या शेडमध्ये एक लाल मोटरसायकल उघडी पडली आहे. टाकी एकीकडे, सीट दुसरीकडे, हँडल वरच्या अँगलला सुतळीने टांगलेलं. मागे दोन चाकं, पुढे एक. टाकीवर पिवळ्या ज्वाळा रंगवल्यात. या ज्वाळा तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिल्या असतील. एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये ही गाडी नऊ दिवसांत तयार झाली, वरून कागदाचे रंगीत तुकडे पडले, किल्ली हातात आली, सगळे रडले.

गाडी वळताना मात्र त्या भागात एकदाही दिसली नाही. गाडी सरळच जाते. पुन्हा बघा. आली, गेली, कट.

[ताई शेडमध्ये येतात. पर्स खुंटीला.]

गाडी यांची. आपण यांना ताई म्हणू, शेडमध्ये सगळे तेच म्हणतात. घर दांडिया बाजारात, नोकरी रावपुऱ्यातल्या एका पेढीत, हिशेबाची. उंची 124 सेंटिमीटर. 1995 च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ठेंगणेपणाचं नाव नव्हतं. 2016 च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि 147 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंचीचे प्रौढ पहिल्यांदा यादीत आले. कागद आला म्हणून पाय जमिनीला टेकत नाहीत, हा ताईंचा शेरा. मागे रिक्षा गेली, त्यामुळे तो तुम्हाला नीट ऐकू येणार नाही.

हाडांच्या या अवस्थेचं नाव अकाँड्रोप्लेसिया. अशी दर पाचांतली चार मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. धड जवळपास सगळ्यांसारखंच वाढतं. आखूड राहतात ते हातपाय, त्यातही दंड आणि मांड्या जास्त. कोपर पूर्ण सरळ होत नाही. बोटं लहान.

हे लक्षात असू द्या. टीव्हीवाल्यांचं गणित इथेच चुकलं.

[टेप. ताई स्टुलावर बसल्यात. काका गुडघ्यावर.]

माप घेणारे काका टर्नर आहेत. चाळीस वर्षं लेथवर. त्यांचे वडील कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेली ही शाळा. लोखंड, लाकूड, रंग, कापड, हाताने करायच्या सगळ्या विद्या तिथे एका छपराखाली होत्या. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी, तेव्हा आमच्या कॅमेऱ्याचं आणि काकांच्या लेथचं नातं तसं भावाभावाचं. 1949 मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्यात सामावलं.

काका वहीत काय लिहितात ते जवळून बघू.

[वही. पेन्सिल. कॅमेरा स्थिर.]

खांद्यापासून कोपर. कोपरापासून मनगट. हात मोकळा सोडल्यावर पंजा कुठे येतो. कंबर ते गुडघा. बोटाच्या पेरापासून तळहात. सगळं इंच आणि सुतात. एका इंचाची आठ सुतं. केसाएवढं माप घेणारं व्हर्निअर खिशात आहे, पण माणसाच्या अंगाला ते व्हर्निअर लावत नाहीत.

"अगं, हात ताणू नकोस. सैल सोड. दमल्यावर कसा राहतो तसा."

ही वही त्या नऊ दिवसांत कुणी उघडलीच नव्हती. मुंबईहून चित्र आलं होतं. लांबलचक फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, मागे रुंद टायर. 2003 च्या आसपास अमेरिकेतल्या एका बाप-लेकांच्या गॅरेजचा कार्यक्रम डिस्कव्हरीवर लागायचा. आरडाओरडा, डेडलाइन, शेवटी चकचकीत चॉपर, म्हणजे लांब फोर्कची मोटरसायकल. जगभरच्या निर्मात्यांना तो साचा मिळाला. चित्रातली गाडी त्या साच्यातली होती, आणि कुणाचंही माप न घेतलेली.

मूळ गाडी अ‍ॅव्हेंजर 220. निवड चुकीची नव्हती. सीट जमिनीपासून 737 मिलीमीटर, आपल्याकडच्या मोटरसायकलींत ही बरीच खाली. पण या गाडीवर पाय पुढे पसरून बसायचं असतं. ज्यांची मांडीच आखूड आहे त्यांनी पसरायचं काय?

म्हणून चॅनेलच्या मंडळींनी सीट आणखी खाली घेतली, गाडीला मागे दोन चाकं जोडली आणि हँडल नऊ इंच मागे ओढलं. फोटोत हात छान पोचले.

[टीव्हीनंतरची मोबाइल क्लिप. आवार. गाडी उजवीकडे वळते आणि बंद पडते.]

ही क्लिप ताईंच्या भावाने काढली. पुन्हा बघू, सावकाश.

हँडल मागे ओढलं की त्याची मूठ स्टिअरिंगच्या खुंट्यापासून लांब येते. वळवलं की ती जागच्या जागी फिरत नाही, होडीच्या सुकाणूसारखी बाजूला झुलते. उजवीकडे वळताना उजवी मूठ पोटात येते आणि डावी पुढे, बाहेर पळते. डाव्या मुठीवर क्लच असतो. ताईंचं कोपर जिथे थांबतं, त्याच्या चार इंच पुढे मूठ गेलेली. हात सुटला, क्लच दाबता आला नाही, इंजिनाने आचका दिला.

आपल्याकडे यू-टर्न उजवीकडेच घ्यावा लागतो.

दुसरं दुखणं मागे होतं. वेळ नव्हता म्हणून दोन्ही चाकं एकाच अखंड धुऱ्यावर पक्की केली होती. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. धुरा एक असला तर दोन्ही चाकं सारखीच फिरणार, मग एक घासतं आणि गाडी हट्टाने सरळच जायला बघते. त्यात लांब, पसरट फोर्क, म्हणजे हँडल आणखी जड. लहान हातांना सगळ्यात जड गाडी करून दिली होती.

[खडू. सिमेंटच्या जमिनीवर त्रिकोण.]

आता आमचं आवडतं दृश्य. फिल्मच्या मानाने हे लांब आहे, पण कापायचं नाही असं आम्ही ठरवलं.

चाकं जिथे टेकतात ते तीन बिंदू. काकांनी खडूने जोडले. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. ताई सीटवर, ओळंबा सीटखालून सोडलेला.

तिपाईवर कडेला बसलं की काय होतं, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. ही गाडी म्हणजे तिपाई आहे. टोक पुढे, रुंदी मागे. वजन जितकं मागच्या धुऱ्याजवळ, तितकी बैठक पक्की. हात पोचावा म्हणून ताईंना पुढे सरकवलं तर ओळंबा टोकाकडे, त्रिकोण चिंचोळा होतो तिकडे जातो, आणि वळणात गाडी कलंडायला बघते. मागे बसवलं तर बैठक पक्की, पण हात सुटतो.

ओळंबा हलतोय. काका बघतायत. कुणी बोलत नाही.

[8 सेकंद. फक्त आवाज: पंखा, दूर प्रेस.]

वेल्डर अमरेलीकडचा. तिकडे लहानपणी छकडोत बसून शाळेला गेलेला. ज्यांनी छकडो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढून बुलेट, मागून गाडा, मध्ये डिझेल इंजिन, आणि वर मावतील तितकी माणसं. सौराष्ट्रात तीन चाकांची मोटरसायकल कुणी सजवून टीव्हीवर नेली नाही, ती शेंगदाण्याची पोती वाहत होती. त्याने ओळंब्याकडे पाहिलं आणि हाताने दोन्ही चाकं बाहेर ओढल्यासारखं केलं. त्रिकोणच रुंद करा.

ठरलं ते असं. ताई अडीच इंच पुढे. मागची चाकं एकूण चार इंच बाहेर. हँडल नऊ इंचांऐवजी साडेपाचच मागे, आणि दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच कापून अरुंद. मूळ फोर्क परत. सीट जमिनीपासून वीस इंच, पाठीला टेका आणि दोन्ही कुशींना आधार, कारण तीनचाकी वळणात आत झुकत नाही, माणूस बाहेर फेकला जातो. टेका नसेल तर तो हँडललाच लटकतो.

[लेथ. चुरा वेटोळ्यांनी निघतोय.]

ही चकती. जुन्या मालवाहू तीनचाकीचं डिफरन्शियल आणलं, वळणात दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतं ते. त्याचा क्राउन, म्हणजे मोठा गिअर, काढला, त्या जागी चेनचं दातेरी चक्र, स्प्रॉकेट, बसवायचं. मधल्या चकतीची भोकं एकाच गोलावर, एकाच अंतरावर यायला हवीत. केसाएवढा फरक राहिला तरी प्रत्येक फेऱ्याला चेन एकदा ताणते, एकदा सैल होते, आणि चालवणाऱ्याला ते मणक्यात कळतं. काका लेथ थांबवतात, अंगठा फिरवतात, पुन्हा चालू करतात. पाच वेळा. आम्ही तीनदा ठेवलंय.

"काका, झालं की."

"तुला झालं. चेनला अजून नाही."

[क्लच. लहान बोटं, लिव्हर.]

क्लचसाठी इंजिनाकडचा आर्म पाच सुतं लांब केला. आर्म लांब झाला की दाब हलका होतो, पण लिव्हर जास्त ओढावी लागते. लहान बोटांना दोन्ही नको. मग लिव्हरच मुठीजवळ आणून वाकवली, कापून नाही, गॅसवर तापवून. फूटबोर्ड उचलून मागे घेतले, ब्रेकचं पेडल सात इंच वर, गिअरला रॉड. "बेन, पग मूको," वेल्डर म्हणतो, ताई पाय ठेवतात, तो टाका मारतो, ताई पाय काढतात. दुपारभर हेच. पाय ठेवा, टाका, पाय काढा.

रंगाला हात लावला नाही. ज्वाळा तशाच आहेत. ताईंना त्या आवडतात, आम्हाला नाही.

[आरटीओचा बोर्ड बाहेरून. थोडाच वेळ.]

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाला येईल ते बदल करू देत नाही. दिव्यांग व्यक्तीच्या गाडीला जुन्या कायद्यात इनव्हॅलिड कॅरेज म्हणत, 2019 च्या दुरुस्तीत तो शब्द गेला आणि अडॅप्टेड व्हेइकल आला. आधी परवानगी, मग तपासणी, मग लायसन्स. फेऱ्या बऱ्याच झाल्या, आत कॅमेरा नेता आला नाही, परवानगी मिळाली. खर्चाचा मोठा भाग ताईंनीच उचलला. चॅनेलच्या मंडळींना फोन केला तेव्हा ते पुढच्या सीझनच्या कामात होते.

हल्ली सकाळी अकोटा-दांडिया बाजार पुलावर, सोलर पॅनेलच्या सावलीत, ताई दिसतात. ते शॉट श्रेयनामावलीखाली आहेत.

फिल्म मात्र परवानगीच्या आधीच्या एका रविवारी संपते, शेडच्या मागच्या आवारात. खाजगी जागा, गेट बंद.

[पहाट संपतेय. आवारात दोन प्लास्टिकचे ड्रम, मध्ये जागा.]

काकांनी ड्रम मांडलेत. मधून जायचं, उजवीकडे पूर्ण वळायचं, परत यायचं. ताईंचा भाऊ पुन्हा मोबाइल काढून उभा. वेल्डर चहाचा पेला हातात धरून विसरलाय.

पहिला गिअर. ड्रमपर्यंत सरळ.

हँडल उजवीकडे. उजवी मूठ पोटाजवळ, लागली नाही. डावी पुढे जाते, जाते. आता फक्त डाव्या हाताकडे बघा.

[क्लोजअप. बोटं लिव्हरवर. कोपर अजून थोडं वाकलेलं.]

काका ओरडतात, "क्लच!"

"दाबलाय, काका!"