शेजारच्या खुर्चीतली दोन वाक्ये

नमस्कार, श्रोतेहो. हृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात मी बसतो, आणि ऐंशीच्या घरातल्या रुग्णांबाबत दोन वाक्ये मला जवळजवळ रोज ऐकू येतात. एक, "आता या वयात कशाला चिरफाड?" आणि दुसरे, "आमच्याकडून काही कमी पडायला नको." दोन्हींत माया असते, हे मी नाकारत नाही, पण दोन्ही वाक्ये रुग्णाच्या शेजारच्या खुर्चीतून येतात, आणि रुग्णाला नेमके काय झाले आहे याच्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो.

ज्या झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी अचानक पूर्ण बंद होते आणि ईसीजीवर ते स्पष्ट दिसते, तेथे वयावर चर्चा करत बसायला सहसा वेळ नसतो. खरा पेच पडतो तो वाहिनी पूर्ण बंद न होता येणाऱ्या झटक्यात, आणि वृद्धांमध्ये हाच प्रकार अधिक आढळतो. ब्रिटनमध्ये ७५ वर्षे व त्यापुढील १,५१८ रुग्णांवर झालेला 'सीनियर-रीटा' हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचे सरासरी वय ८२ होते. एका गटाला केवळ औषधे दिली गेली. दुसऱ्या गटाची औषधांबरोबर अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेंट किंवा बायपास झाली. सुमारे चार वर्षांनी पाहिले, तेव्हा हृदयविकाराने आलेला मृत्यू किंवा पुन्हा आलेला झटका यांचे एकत्रित प्रमाण केवळ औषधे घेणाऱ्यांत २६.३ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २५.६ टक्के, म्हणजे फरक नसल्यातच जमा. जीवावर न बेतलेले झटके मात्र १५ टक्क्यांवरून ११.७ टक्क्यांवर आले होते. याचा अर्थ, या वयात स्टेंटने आयुष्य वाढेल अशी आशा धरू नये, पण पुन्हा रुग्णालयात धावावे लागण्याचा एखादा प्रसंग टळू शकतो. ज्यांची मूत्रपिंडे नाजूक आहेत त्यांना अँजिओग्राफीचे औषध बाधू शकते, आणि जे वरचेवर पडतात त्यांना स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. अशांनी हा सौदा नाकारला तर त्यात हयगय झाली असे मी म्हणणार नाही. 'नव्वद टक्के ब्लॉकेज' हे शब्द घरच्यांची झोप उडवतात, पण तो आकडा रक्तवाहिनीचा असतो, माणसाचा नव्हे.

महाधमनीच्या झडपेची, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या दाराची, गोष्ट अगदी उलट आहे. वयोमानाने या झडपेवर कॅल्शियम साचते, ती ताठर होते आणि गंजलेल्या बिजागरीच्या दारासारखी किलकिलीच उघडते. जिना चढताना दम लागतो, छाती भरून येते, कधी भोवळ येते, घरात म्हणतात, "वय झालं, दम लागायचाच." ही झडप मोकळी करणारी गोळी नाही. फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी नेऊन प्रथमच नवी झडप बसवली. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा, सरासरी ८३ वर्षांच्या रुग्णांवरील २०१० च्या अभ्यासात, जुन्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी वर्षभरात ५०.७ टक्के दगावले, तर नळीने झडप बसवलेल्यांपैकी ३०.७ टक्के. येथे "या वयात कशाला" हे वाक्य फार महाग पडते. खर्च अर्थातच लाखांत जातो. सत्तरी गाठलेल्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यात कोणता उपचार कोठे बसतो, हे दाखल होण्याआधीच विचारावे.

मी रुग्णाला कॉरिडॉरमध्ये नेहमीच्या चालीने पाच मीटर चालायला सांगतो आणि घड्याळ पाहतो. डॉक्टर वेळ काढताहेत, असा भाव नातेवाइकांच्या चेहऱ्यावर उमटतो. पण सहा सेकंदांहून अधिक लागले, तर हृदयशस्त्रक्रियेचा धोका वाढतो, आणि जन्मतारखेतून न कळणारी गोष्ट त्या चालीतून कळते.

सातारा जिल्ह्यातल्या एक आजी अशाच पाच मीटर चालल्या. झडपेचाच आजार होता. दोन मुलगे सोबत होते आणि वरची दोन्ही वाक्ये त्यांनी आपसांत वाटून घेतली होती. मी दोघांनाही थोडा वेळ बाहेर बसवले आणि विचारले, "आजी, तुम्हाला काय हवंय?" त्या म्हणाल्या, "लई वर्सं जगायचं न्हाई मला. पर परसाकडं जाताना कुणाचा हात धराया लागू नये." झडप बसवताना शंभरात मोजक्या जणांना पक्षाघात होतो, हे मी सांगितले. त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग करा. पर तसं झालं, तर नळ्या घालून ठिवू नका."

ही अट तोंडी राहू नये, असे मी त्यांना सुचवले. पुढे आपल्याला बोलता आले नाही, तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायच्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होते. आजींनी ते केले. पुढल्या भेटीत झडपेचे संमतिपत्र टेबलावर आले, तेव्हा थोरल्याने सवयीने पेन उचलले. आजींनी ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि पिशवीत चष्मा शोधू लागल्या.