पाव इंच

वेळ थोडा आहे, म्हणून नमनाला घडाभर तेल घालत नाही. विषय आहे अमेरिकेत गळाने मासे धरताना भेटणारा गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे आणि मासे धरण्याचे नियम पाळले जातात का ते पाहणारा सरकारी अधिकारी. त्याची होडी दिसली की लायसन्स खिशात असूनही आपल्या छातीत धस्स होतं. माझं म्हणणं असं, की तो आपल्या मागावरचा पोलीस नाही, राखणदार आहे, आणि ज्याची राखण करतो ते आपलंच आहे. हे मला एका वॉलाय माशामुळे कळलं. तो प्रसंग आधी सांगतो.

त्या तळ्यावर १५ इंचांपेक्षा लहान वॉलाय ठेवता येत नसे. पहाटे मला एक लागला. मी शिंप्याची मऊ टेप त्याच्या अंगावरून नाकापासून शेपटीपर्यंत नेली. बरोब्बर १५. टाकला लाइव्हवेलमध्ये, म्हणजे मासे जिवंत ठेवायच्या होडीतल्या झाकणाच्या टाकीत. अर्ध्या तासाने वॉर्डन इंजिन बंद करून वाहत वाहत आला, आमच्या होडीची कड धरली आणि म्हणाला, “काही लागलं का?”

या प्रश्नाला नेहमी खरं उत्तर द्या. “काहीच नाही” म्हणायला आणि झाकणाखाली शेपूट आपटायला एकच गाठ पडते, हे मी दुसऱ्यांच्या होडीत पाहिलंय.

मी मासा दाखवला. त्याने लायसन्स पाहिलं, लाइफ जॅकेटं मोजली, मग एका टोकाला उभी पट्टी असलेली मापपाटी काढली. नाक पट्टीला टेकवलं, तोंड मिटवलं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणली. पावणेपंधरा! मऊ टेप पोटाच्या फुगवट्यावरून जाते, त्यामुळे मासा लांब भरतो. पाटीवर तो सरळ असतो. मी पुष्कळ हुज्जत घातली. पाव इंचासाठी दंड? तो शांतपणे पावती लिहीत राहिला. मासा जिवंत होता. दोन्ही हातांनी धरून त्यानेच पाण्यात सोडला, पोहायला लागेपर्यंत हात काढला नाही. ते हात मला अजून दिसतात. राग मात्र दोन वर्षं गेला नाही.

समोरून चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

वॉलायच्या मादीला पहिल्यांदा अंडी घालायला बहुधा तीन ते सहा वर्षं लागतात. किमान मापाची अट असते ती तिला निदान एकदा अंडी घालता यावीत म्हणून. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते, म्हणून काही पाण्यांत ठरावीक दोन मापांच्या मधले मासे सोडावे लागतात. पैशाचं म्हणाल, तर मासे आणि वन्यजीव सांभाळणारी राज्यांची खाती बऱ्याच अंशी लायसन्सच्या फीवर चालतात. शिवाय १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार काठी, रील, गळ यांवरचा केंद्रीय कर राज्यांकडे जातो, माशांच्या पाहणीसाठी आणि संवर्धनासाठी. आणि नियम मोडून धरलेला मासा राज्याच्या सीमेपलीकडे नेलात, तर १९०० चा लेसी कायदा लागतो. मग प्रकरण केंद्रापर्यंत जातं.

बाकीचं राहिलं. बाहेरच्या टेबलावर मापपाटी आणि पुठ्ठ्याचा वॉलाय ठेवलाय, पोटाला फुगवटा दिलेला. शेजारी माझी ती टेपही आहे. जाताना दोन्हींनी मापून बघा.