तेलाच्या विहिरीत युरेनियमचा माग कसा लागतो?

(द्राक्षबाग. हातात ड्रीपची जुनी नळी.)

नमस्कार मंडळी. आज कवठेमहांकाळला, आमच्याच बागेत उभा आहे. हातातली ही नळी बघा. कॅमेरा जरा जवळ घे रे. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर साचलाय, दिसतोय? हा आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार. पाण्यात होता तोवर डोळ्याला दिसत नव्हता. तोंडाशी आला, पाणी उडून गेलं आणि हा इथं बसला. आता हा काढायला आपण नळी फोडत बसतो का? नाही. वरून ॲसिड सोडतो, थोडा वेळ तसंच ठेवतो, मग टोकं उघडून फ्लश मारतो. विरघळून निघून जातो.

आज जगातलं निम्म्याहून जास्त युरेनियम याच पद्धतीनं काढतात. ना बोगदा, ना सुरुंग. जमिनीत पाणी सोडायचं, युरेनियम विरघळवायचं आणि उपसून वर घ्यायचं. आणि असं युरेनियम बऱ्याच ठिकाणी सापडतं ते तेल आणि वायूच्या शेजारी. ते का, हे मला आज सांगायचंय. मी काही वर्षं गुजरातेत तेलाच्या विहिरींवर लॉगिंगचं काम केलंय. म्हणजे विहीर खोदून झाली की केबलला यंत्र बांधून आत सोडायचं आणि वर ट्रकमध्ये बसून रेघा वाचायच्या. त्या रेघांमधून हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो आजपर्यंत निघालेला नाही.

आधी एक गोष्ट पक्की करू. युरेनियम तेलात नसतं. तेल त्याला अडवतं.

पावसाचं पाणी जमिनीत मुरतं तेव्हा सोबत ऑक्सिजन घेऊन जातं. अशा पाण्यात युरेनियम विरघळतं. वाटेत ज्वालामुखीची राख लागली, ग्रॅनाइटचा चुरा लागला, तर त्यातलं कणकण युरेनियम उचलून हे पाणी वाळूच्या खडकातून हळूहळू उताराला लागतं. लाखो वर्षं हा प्रवास चालतो. जिथं ऑक्सिजन संपतो तिथं युरेनियमला पाण्यात राहता येत नाही, ते वाळूच्या दाण्यांवर बसतं. आता ऑक्सिजन संपवतं कोण? कधी वाळूत गाडला गेलेला पालापाचोळा, कधी पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज. आणि तेलाच्या मुलखात, खोल साठ्यातून भेगांवाटे वर झिरपणारा वायू, त्यातही हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा तो वास तुम्हाला माहीत आहे. तो वायू वर येतो, वाळूच्या थरात पसरतो, आणि पाण्यासोबत आलेलं युरेनियम तिथं येऊन थबकतं.

हा साठा आडवा कापून पाहिला तर विळ्यासारखा दिसतो. विळ्याच्या आतल्या बाजूला गंजल्यासारखी तांबूस-पिवळी वाळू, कारण तिथून ऑक्सिजनचं पाणी गेलेलं असतं. बाहेरच्या बाजूला करडी वाळू. मधल्या पात्यावर युरेनियम. आपल्याकडं बोअर मारताना गाडीवाला दर काही फुटांनी निघालेल्या भुकट्याचे ढीग ओळीनं मांडतो ना? तिथंही तसेच ढीग मांडतात आणि रंग बघतात. पिवळं निघालं तर तुम्ही साठा ओलांडून मागं आलात. करडं निघालं तर अजून पुढं आहात. मग दोन्हीच्या मध्ये तिसरा बोअर. मला हे फार आवडतं. इतकी यंत्रं आली, तरी शेवटी माणूस चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन रंग बघतो.

याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतला दक्षिण टेक्सास. तेल-वायूचा जुना मुलूख. तिथं कार्न्स काउंटीत 1954 साली विमानातून किरणोत्सर्ग मोजताना युरेनियमचा सुगावा लागला. आधी उघड्या खाणी झाल्या, आणि 1975 पासून विहिरींतून विरघळवून काढणं सुरू झालं.

आता माझ्या कामाचा भाग. तेलाच्या जवळपास प्रत्येक विहिरीत गॅमा लॉग घेतात. खडकातून निघणारे गॅमा किरण मोजायचे, त्यावरून कुठं शेल, म्हणजे चिखलाचा दगड आहे, कुठं वाळू आहे ते कळतं. तेलवाल्यांचं लक्ष खोलवर असतं. दीड-दोन किलोमीटर खाली जायचंय म्हटल्यावर वरच्या दोन-तीनशे मीटरकडं कोण बघतो? आणि युरेनियम बसलेलं असतं नेमकं त्या वरच्या भागात. बरं, गॅमा किरण लोखंडी केसिंगच्या आरपार येतात. म्हणजे केसिंग टाकलेल्या जुन्या विहिरीतही यंत्र सोडून परत मोजता येतं. एखाद्या वाळूच्या थरासमोर रेघ कागदाच्या पार कडेला जाऊन आपटली, की तो कागद बाजूला काढून ठेवायचा. तेलासाठी झालेला खर्च युरेनियमवाल्याला असा आयता कामाला येतो.

पण इथं एक फसगत आहे. गॅमा यंत्र युरेनियम मोजत नाही, त्याच्या पोराबाळांना मोजतं. युरेनियमचा ऱ्हास होत होत पुढं रेडियम, बिस्मथ असे वारस तयार होतात. जोरदार गॅमा किरण येतात ते मुख्यतः या वारसांकडून. आता समजा नंतर पुन्हा ऑक्सिजनचं पाणी आलं आणि युरेनियम उचलून पुढं घेऊन गेलं, रेडियम मात्र जागेवर राहिलं. आपल्याकडं जतमधला माणूस ऊसतोडीला जातो, घर तसंच उभं असतं, दारात तुळसही असते. लांबून वाटतं, माणसं आहेत. हा लॉग तसाच. रेघ जोरात उसळते आणि खाली युरेनियम जवळजवळ नसतं. म्हणून मग न्यूट्रॉन सोडणारं वेगळं यंत्र उतरवतात. ते युरेनियमच्या अणूंचं विखंडन घडवून थेट त्यांचीच दाद घेतं.

सापडल्यावर काढायचं कसं? साधारण रचना अशी: चार कोपऱ्यांतल्या विहिरींतून पाणी आत सोडायचं, मधल्या विहिरीतून उपसायचं. कझाकस्तानात, जगातलं साधारण 40 टक्के युरेनियम एकटा हा देश देतो, या पाण्यात गंधकाचं आम्ल घालतात. टेक्सासात ते चालत नाही. का? हे आपल्या बागायतदारांना मी न सांगताही कळेल.

(खिशातून चुनखडीचा खडा काढून त्यावर ॲसिडचे थेंब.)

बघा कसं फसफसतंय. चुनखडीच्या जमिनीत आम्ल घाला, चुनाच ते खाऊन टाकतो. टेक्सासच्या वाळूत चुना बराच आहे. म्हणून तिथं पाण्यात ऑक्सिजन आणि बायकार्बोनेट मिसळतात. निसर्गानं ज्या पाण्यानं युरेनियम आणलं, जवळपास त्याच पाण्यानं ते परत उचलायचं. वर आलेलं पाणी रेझिनच्या टाकीतून जातं. घरच्या सॉफ्टनरमध्ये असतात तसे बारीक दाणे. त्यांना युरेनियम चिकटतं आणि मिठाच्या पाण्यानं ते सोडवतात. सॉफ्टनरलाही आपण मीठच घालतो की. मग हायड्रोजन पेरॉक्साइड घालून साका बसवतात, वाळवतात. झाली पिवळी भुकटी.

आता पाण्याचं काय? मी दुष्काळी तालुक्यातला माणूस आहे, हा प्रश्न मी सोडणार नाही. साठ्याच्या थरातलं पाणी मुळातच रेडियम आणि त्यातून निघणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूमुळं पिण्याजोगं नसतं, हे खरं. आत सोडलं त्यापेक्षा थोडं जास्त, शेकडा एकाच्या आसपास, उपसतात. त्यामुळं पाण्याची ओढ आतल्या बाजूला राहते. भोवती निरीक्षण विहिरींचं कडं असतं. काम संपल्यावर आरओ लावून तो थर धुतात. तरीही टेक्सासात बऱ्याच ठिकाणी पाणी सगळ्या बाबतीत मूळ पातळीवर आलं नाही, आणि नियमातलं उद्दिष्टच सैल करावं लागलं. युरेनियम उचलताना वाळूचा स्वभाव बदलतो, आणि तो परत बदलायला निसर्गाला वेळ लागतो. हे न सांगता नुसतं तंत्राचं कौतुक करणं मला पटत नाही.

आणि दुसरी भीती जुन्या भोकांची. तेलाच्या मुलखात शेकडो जुन्या विहिरी आणि बोअर असतात. एक जरी नीट बुजवलेला नसेल, तर खालचं खराब पाणी त्यातून वरच्या चांगल्या थरात चढू शकतं. म्हणून शोधासाठी मारलेला प्रत्येक बोअर तळापासून वरपर्यंत भरावा लागतो.

कॉमेंटमध्ये नेहमी विचारतात, आपल्या बोअरमध्ये युरेनियम असेल का? सांगली-साताऱ्याचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात युरेनियम दहा लाख भागांत एक भागही नसतं. गुजरातच्या तेलक्षेत्राचा तळ हाच, आपलाच दख्खनचा पाषाण आहे. विहीर त्याला टेकली की गॅमाची रेघ धपकन खाली यायची आणि मी म्हणायचो, आलं आमचं गाव.

(बागेच्या कडेला चालत.)

पण बुजवायचं काम आपल्याकडंही राहिलंय. या बागेत तीन बोअर कोरडे गेले. हा त्यातला एक, वर नुसता दगड. सर्वोच्च न्यायालयानं 2010 सालीच सांगितलंय, सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरा. आम्ही भरला नाही. चूक आमची. उद्या सकाळी ट्रॉली सांगितलीय. किती माल लागला आणि किती खर्च आला, ते पुढच्या व्हिडिओत आकड्यांसकट दाखवतो.